शेवटच्या हातापाशी थांबू नका

मुंबईतील मराठी आणि हिंदी चित्रपटांच्या, मालिकांच्या व वेबमालिकांच्या निर्मात्यांना,



या पत्राचा विषय एक परदेशी खटला आहे, तरी ते तुम्हालाच उद्देशून आहे. त्या खटल्यात जो प्रश्न शेवटपर्यंत बाजूला राहिला, तो तुमच्या खुर्चीचा आहे. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे शहराबाहेरच्या बोनान्झा क्रीक रँचवर ‘रस्ट’ या काउबॉयपटाचं चित्रीकरण चालू होतं. जेवणाच्या सुटीनंतर लाकडी चर्चच्या सेटमध्ये पुढच्या शॉटची जुळवाजुळव सुरू झाली. नायकाचं काम करणारे अ‍ॅलेक बाल्डविन होल्स्टरमधून रिव्हॉल्व्हर काढून कॅमेऱ्याच्या दिशेने रोखण्याची तालीम करत होते. ते रिव्हॉल्व्हर सुटलं. गोळी छायालेखिका हलिना हचिन्स यांच्या शरीरातून आरपार गेली आणि मागे असलेले दिग्दर्शक जोएल सूझा यांच्या खांद्यात घुसली. हचिन्स बेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांना हेलिकॉप्टरने अल्बुकर्कीच्या रुग्णालयात नेलं, पण त्या वाचल्या नाहीत. ज्या सेटवर खरी गोळी एकही असता कामा नये, तिथे पोलिसांना तपासात आणखी पाच खऱ्या गोळ्या सापडल्या.

पुढची जवळजवळ तीन वर्षं जगभर चर्चा झाली ती मुख्यतः चाप कोणी ओढला याची. बाल्डविन सांगत राहिले की आपण चाप ओढलाच नाही. एफबीआयच्या तज्ज्ञांचं मत पडलं की शस्त्र धड असताना चाप न ओढता ते सुटणार नाही. शस्त्रांची जबाबदारी सांभाळणाऱ्या, घटनेच्या वेळी जेमतेम चोवीस वर्षांच्या हॅना गुटिएरेझ-रीड यांना मार्च २०२४ मध्ये निष्काळजीपणातून झालेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवण्यात आलं आणि त्यांना अठरा महिन्यांचा कारावास झाला. पहिले सहायक दिग्दर्शक डेव्हिड हॉल्स यांनी शस्त्राच्या निष्काळजी वापराचा आरोप न लढता मान्य केला; त्यांना सहा महिन्यांचं प्रोबेशन मिळालं. बाल्डविन यांच्यावरचा खटला जुलै २०२४ मध्ये उभा राहिला आणि काही दिवसांतच न्यायाधीश मेरी मार्लो सॉमर यांनी तो रद्द केला, कारण काडतुसांविषयीचा एक पुरावा बचाव पक्षापासून दडवला गेला होता. तो खटला आता पुन्हा चालवता येणार नाही. या सगळ्यात एक निर्णय फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. सुनावणी सुरू होण्याच्या तोंडावर न्यायालयाने ठरवलं की बाल्डविन या चित्रपटाचे एक निर्मातेही होते, ही बाब ज्यूरीपुढे आणायची नाही. फौजदारी कायद्याच्या चौकटीत तो निर्णय समजण्यासारखा आहे. आरोप हातातल्या शस्त्राचा होता आणि न्यायालय त्या आरोपापुरतंच पाहणार. पण त्यामुळे झालं असं की ज्या भूमिकेतून सेटवरचे तास, पैसा आणि माणसं ठरतात, ती भूमिकाच खटल्याबाहेर राहिली. शिक्षा झाली ती शस्त्र सांभाळणाऱ्या आणि ते सुरक्षित असल्याचं पुकारणाऱ्या पगारी माणसांना.

माझं म्हणणं एवढंच आहे की सेटवरच्या मृत्यूची जबाबदारी शेवटच्या हातापाशी नेऊन थांबवणं चुकीचं आहे. ती सर्वांत आधी निर्मितीच्या टेबलावर असते, कारण धोका तिथेच मंजूर होतो किंवा नामंजूर होतो. ही नुसती भावना असती तर हे पत्र लिहिण्याचं कारण नव्हतं. या म्हणण्याला कागदोपत्री आधार आहे.

तो आधार न्यू मेक्सिकोच्या कामगार सुरक्षा विभागाच्या एप्रिल २०२२ मधल्या निष्कर्षांत सापडतो, आणि तुमच्यापैकी प्रत्येकाने ते वाचावेत असं मला कळकळीने वाटतं. या विभागाने चाप कोणी ओढला हे सोडून कामाची आखणी कशी होती हे तपासलं. शस्त्रं सांभाळणाऱ्या व्यक्तीला दोन कामं दिली होती: ठरावीक दिवस शस्त्रांची जबाबदारी आणि बाकीचे दिवस प्रॉपर्टी विभागात मदतनीस. तिने शस्त्रांसाठी आणि प्रशिक्षणासाठी जास्त वेळ मागितला, तेव्हा प्रॉपर्टीच्या कामाकडे तुमचं लक्ष कमी पडतं असं तिलाच कळवण्यात आलं. शस्त्रं वापरायच्या दिवशी सुरक्षेची बैठक व्हायला हवी होती, ती दर वेळी होत नव्हती. दुर्घटनेच्या पाच दिवस आधी, १६ ऑक्टोबरला, एकाच दिवसात दोनदा सेटवर बंदूक चुकून सुटली होती. दोन्ही वेळा आत ब्लँक, म्हणजे शिसं नसलेलं काडतूस, होतं म्हणून निभावलं. काम थांबवून कारण शोधण्याची ती वेळ होती. व्यवस्थापनाने तसं काही केलं नाही. कॅमेरा विभागाच्या लोकांनी लांबलेल्या तासांबद्दल, राहण्याच्या गैरसोयीबद्दल आणि या बंदुकांबद्दलही तक्रारी केल्या होत्या, आणि २१ तारखेच्या सकाळी ते आपलं सामान बांधून निघून गेले. तरी त्या दिवशीचं काम बदली माणसांवर पुढे रेटलं गेलं. विभागाने निष्कर्ष काढला की धोका ठाऊक असूनही कंपनीने त्याकडे उघड बेफिकिरी दाखवली, आणि कायद्याने शक्य तेवढा जास्तीत जास्त, १,३६,७९३ डॉलरचा दंड ठोठावला. कंपनीने हे निष्कर्ष अमान्य केले आणि २०२३ मध्ये १ लाख डॉलरवर तडजोड झाली. चित्रपटाचा खर्च सुमारे ७० लाख डॉलर होता. एका जिवाच्या बदल्यात निर्मितीखात्यातून गेलेला हा दंड एकूण खर्चाच्या दीड टक्क्याहूनही कमी भरतो.

वेळ आणि जीव यांचा संबंध इथे किती थेट आहे, हे काडतूस हातात धरून पाहिल्याशिवाय कळत नाही. ब्लँकमध्ये पितळी पुंगळी आणि दारू असते, पुढे शिसं नसतं. पुंगळीचं तोंड चिमटून बंद केलेलं असतं. डमी याच्या उलट. तिच्यात शिसं असतं आणि दारू नसते. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरचं तोंड कॅमेऱ्याकडे आलं की चक्रातल्या गोळ्यांची टोकं पडद्यावर दिसतात, म्हणून जवळच्या शॉटला डमी लागतात. आणि डमी समोरून पाहिली तर हुबेहूब खऱ्या गोळीसारखी दिसते. दिसायलाच हवी, त्यासाठीच ती बनवलेली असते. फरक ओळखण्याचे मार्ग साधे आहेत. काही डमींच्या पुंगळीला बाजूने भोक पाडलेलं असतं. काहींच्या आत एक छर्रा टाकलेला असतो. कानाजवळ नेऊन हलवलं की तो खुळखुळतो. खुळखुळ नाही, भोकही नाही, तर ते काडतूस बाजूला ठेवायचं आणि सगळं थांबवायचं. ‘रस्ट’वरचं रिव्हॉल्व्हर जुन्या कोल्टची प्रतिकृती होतं. त्याचं चक्र एका झटक्यात बाहेर काढून सगळी घरं पाहता येत नाहीत. बाजूच्या लहानशा झडपेतून एकेक घर फिरवत, एकेक काडतूस काढून, हलवून, दाखवून परत भरावं लागतं. सहा घरं, सहा वेळा. हे काही मिनिटांचं काम आहे. गोळी सुटली तेव्हा शस्त्रं सांभाळणारी व्यक्ती चर्चच्या आत नव्हती. सहायक दिग्दर्शकांनी शस्त्र ‘कोल्ड’ आहे, म्हणजे त्यात धोक्याचं काही नाही, असं पुकारलं, आणि सगळी काडतुसं तपासली नव्हती हे नंतर तपास अधिकाऱ्यांजवळ कबूल केलं. ती काही मिनिटं त्या दिवशी कोणापाशीच नव्हती. दिवसाच्या वेळापत्रकात ती मिनिटं ठेवायची की नाही, हे चर्चमधल्या कुणी ठरवलेलं नसतं. ते ठरतं बजेट मांडताना.

खरी गोळी सेटवर आली हाच खरा गुन्हा, ती आली नसती तर पुढचं काही घडलं नसतं, असं यावर कोणी म्हणेल. ते बरोबर आहे, पण पुरेसं नाही, आणि याचा पुरावा १९९३ सालचा आहे. ३१ मार्च १९९३ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टन इथे ‘द क्रो’ या चित्रपटाच्या सेटवर ब्रूस ली यांचा मुलगा ब्रँडन ली याचा मृत्यू झाला. त्या वेळी बंदुकीत नियमाप्रमाणे ब्लँकच भरली होती. घात आधीच होऊन गेला होता. जवळच्या शॉटसाठी तयार डमी आणण्याऐवजी खऱ्या काडतुसांतली दारू काढून सेटवरच डमी तयार केल्या होत्या, आणि त्यांच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी तशीच राहिली होती. त्या टोपीच्या जोरावर एक शिसं सुटून नळीत अर्ध्यावर अडकलं. ते कोणी पाहिलं नाही. पुढे त्याच बंदुकीत ब्लँक भरून ती झाडली तेव्हा ब्लँकच्या दाबाने ते शिसं गोळीसारखं बाहेर पडलं. तो शॉट झाला तेव्हा शस्त्रतज्ज्ञ सेटवर नव्हते. तिथे मात्र कुणावर फौजदारी खटला झाला नाही. राज्याच्या कामगार विभागाने ८४ हजार डॉलरचा दंड केला आणि तो पुढे ५५ हजारांवर आला. ज्या अभिनेत्याने पटकथेबरहुकूम बंदूक झाडली होती, तो ते ओझं पुढे आयुष्यभर वाहत राहिला. त्याच्याही नऊ वर्षं आधी, १९८४ मध्ये, जॉन-एरिक हेक्सम हा तरुण अभिनेता एका मालिकेच्या सेटवर ब्लँक भरलेली बंदूक कानशिलाला लावून चाप ओढल्यामुळे गेला. शॉट लांबला होता, तो वाट पाहत बसला होता. ब्लँकमधून शिसं निघत नसलं तरी इतक्या जवळून दाबाचा जो झोत बाहेर पडतो तो कवटी फोडायला पुरेसा असतो, हे त्याला माहीत नसावं. त्याला ते सांगणं आणि शॉट नसताना ती बंदूक त्याच्या हातातून काढून घेणं हे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम असायला हवं होतं.

तुमच्यातले अनेकजण इथवर वाचून म्हणतील की हे सगळं अमेरिकेत. आपल्याकडे सेटवर खऱ्या बंदुका असतात कुठे? ही हरकत मी गंभीरपणे घेतो आहे, कारण तीच सर्वांत सहज पटणारी आहे. पण बंदूक हे धोक्याचं फक्त एक रूप आहे, डोळ्यांत भरणारं. आपल्याकडे तोच धोका पाण्याच्या, क्रेनच्या, आगीच्या रूपाने येतो, आणि मागची साखळी तीच असते. नोव्हेंबर २०१६ मध्ये बंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयावर एका कन्नड चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगासाठी दोन कलाकारांनी हेलिकॉप्टरमधून पाण्यात उडी घेतली. त्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हतं. दोघेही बुडाले, बरोबर उडी घेतलेला नायक वाचला. फेब्रुवारी २०२० मध्ये चेन्नईजवळ ‘इंडियन २’च्या सेटवर रात्री दिव्यांचा भार घेतलेली क्रेन कोसळली आणि तिघं गेले. म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत फेब्रुवारी १९८९ मध्ये टिपू सुलतानवरच्या मालिकेच्या सेटला आग लागून साठाहून अधिक माणसं मेली, हे तर आपल्या इतिहासातलं सर्वांत काळं पान. यांपैकी एकही मृत्यू बंदुकीने झाला नव्हता. प्रत्येक ठिकाणी मात्र कोणीतरी वेळेत नाही म्हणायला हवं होतं, आणि त्याच्या नाही म्हणण्याला वजन असायला हवं होतं.

‘इंडियन २’च्या दुर्घटनेनंतर जे झालं ते तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचं आहे. कमल हासन त्या सेटवर होते आणि थोडक्यात वाचले होते. त्यांनी निर्मिती संस्थेला जाहीर पत्र लिहून सुरक्षेची आणि नुकसानभरपाईची जबाबदारी घेण्याची मागणी केली. निर्मिती संस्थेच्या उत्तराचा आशय असा होता की ही जबाबदारी सगळ्यांची मिळून आहे, आणि त्यात नायक व दिग्दर्शकही आले. वरवर हे उत्तर विनयाचं वाटतं. सेटवर शंभर माणसं काम करतात, प्रत्येकाने डोळे उघडे ठेवावेत, यात खोटं काय? पण सगळ्यांची मिळून असलेल्या जबाबदारीचा हिशेब दुर्घटनेनंतर कधीच सगळ्यांकडून घेतला जात नाही. तो घेतला जातो क्रेन चालवणाऱ्याकडून, बंदूक देणाऱ्याकडून, साहसदृश्याच्या मास्तरांकडून. पोलीस येतात तेव्हा सेटवर जो सापडतो त्याचं नाव लिहिलं जातं. म्हणून जबाबदारी वाटून द्यायची असेल तर ती आधी, कागदावर, नावानिशी वाटली पाहिजे, आणि ज्याच्याकडे धनादेशावर सही करण्याचा अधिकार आहे त्याचं नाव त्या कागदावर सर्वांत वर असलं पाहिजे.

यावरची दुसरी हरकत व्यवहाराची आहे. निर्माता रोज सेटवर नसतो. एकाच वेळी त्याची दोन-तीन कामं चालू असतात. त्याला ना बंदुकीतलं कळतं ना क्रेनमधलं. म्हणूनच तर तो तज्ज्ञ नेमतो. मग तज्ज्ञाच्या चुकीसाठी त्याला कसं धरायचं? माझं उत्तर असं की तज्ज्ञाच्या चुकीसाठी त्याला धरूच नये. त्याला धरावं ते तज्ज्ञाला वेळ, मदतनीस आणि थांबवण्याचा अधिकार दिला होता की नाही यासाठी. ही रेघ धूसर नाही. २० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ‘मिडनाइट रायडर’ या चित्रपटाचं पथक अल्टामाहा नदीवरच्या रेल्वेपुलावर गेलं. रुळांवर लोखंडी पलंग मांडून स्वप्नदृश्याची तयारी चालू असताना मालगाडी आली. सारा जोन्स ही सत्तावीस वर्षांची कॅमेरा सहायक जागीच ठार झाली आणि इतर अनेक जखमी झाले. रेल्वे कंपनीने रुळांवर चित्रीकरणाची परवानगी आधीच लेखी नाकारली होती. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक आणि निर्मात्यांपैकी एक असलेले रँडल मिलर यांनी २०१५ मध्ये गुन्हा कबूल केला आणि ते तुरुंगात गेले. तिथे कुणी हा प्रश्न विचारला नाही की गाडीसमोर शेवटी कोण उभं होतं. परवानगी नाही हे माहीत असताना पथकाला पुलावर कोणी नेलं, एवढं विचारलं आणि न्याय झाला. ज्या दिवशी आपल्याकडचा तपासही याच प्रश्नापासून सुरू होईल, त्या दिवशी प्रत्येक निर्मिती कचेरीत कॉलशीट निघण्याआधी कुणीतरी परवानगीचे कागद पुन्हा एकदा उघडून पाहील.

थांबवण्याच्या अधिकाराविषयी थोडं अधिक लिहायला हवं, कारण कागदावर तो अनेक ठिकाणी असतो आणि प्रत्यक्षात नसतो. आपल्या एसटीत गाडी चालकाच्या हातात असते, पण घंटी वाहकाच्या हातात. वाहकाने घंटी दिल्याशिवाय चालक गाडी हलवत नाही, आणि मधेच घंटी वाजली तर का, कशाला, हे न विचारता ब्रेक दाबतो. वाहक चालकापेक्षा मोठा अधिकारी नसतो. तरीही त्या घंटीपुरतं त्याचं चालतं. सेटवर ही घंटी कुणाच्या हातात आहे? साहसदृश्यांच्या मास्तरांना दोरी कमकुवत वाटली, शस्त्रं सांभाळणाऱ्या मुलीला काडतुसांच्या डबीबद्दल शंका आली, दिवाबत्तीच्या माणसाला क्रेन झुकलेली दिसली, तर तो ‘थांबा’ म्हणू शकतो का? म्हणालाच, तर त्या थांबलेल्या तासाचे पैसे कोणाच्या नावे पडतात, आणि पुढच्या चित्रपटाला त्याला बोलावणं येतं का? जोवर या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडून लेखी येत नाहीत, तोवर सुरक्षेचं कोणतंही पत्रक त्याच्या तोंडून तो शब्द काढू शकणार नाही. रोजंदारीवरचा माणूस नायकाच्या तारखा, मावळता उजेड आणि वाढत्या शिफ्टचा खर्च यांच्यासमोर एकटा उभा असतो.

नटाचं काय, हा प्रश्न मी टाळत नाही. ‘रस्ट’नंतर हॉलिवूडमध्येच यावर दोन मतं पडली. नटांच्या संघटनेचं म्हणणं असं की शस्त्राचा तज्ज्ञ होणं हे नटाचं काम नाही, सुरक्षित जागा देणं हे मालकाचं काम आहे. जॉर्ज क्लूनी यांच्यासारखे काही नट मात्र म्हणाले की आपण हातात आलेली बंदूक दर वेळी स्वतः उघडून पाहतो. मला दोन्ही एकदम मान्य आहेत, आणि त्यात विरोध दिसत नाही. नटाने पाहावं, आपल्यासमोर काडतुसं मोजून घेतल्याशिवाय बंदूक हातात घेऊ नये, कॅमेऱ्याच्या मागच्या माणसावर ती रोखण्याची वेळ आलीच तर कॅमेरा दुरून चालवावा असा आग्रह धरावा. पण नटाची नजर ही जास्तीची तपासणी आहे. तिच्यावर सगळी व्यवस्था उभी करणं म्हणजे उद्या पहिल्यांदा सेटवर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात बंदूक देऊन त्यालाच तज्ज्ञ ठरवणं. बाल्डविन यांच्याबद्दल ज्याला जे वाटायचं ते वाटो; त्यांच्या जागी एखादा नवखा नट असता तर आपण त्याला दोष दिला असता का, हे स्वतःला विचारून पाहा.

राहिला खर्चाचा मुद्दा, आणि त्यातही मराठी चित्रपटाच्या खर्चाचा. छोट्या बजेटमध्ये स्वतंत्र सुरक्षा अधिकारी कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे आणि ती मी हलकी करू इच्छित नाही. पण बंदुकांपुरतं तरी उत्तर स्वस्त आहे. ‘रस्ट’ची दुर्घटना झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘द रूकी’ या अमेरिकी पोलीस मालिकेच्या निर्मात्याने जाहीर केलं की यापुढे सेटवर झडणारी शस्त्रं येणार नाहीत. हवेवर चालणारी खेळण्यातली बंदूक वापरायची आणि नळीतली ज्वाळा संगणकावर जोडायची. ड्वेन जॉन्सन यांनीही आपल्या कंपनीच्या चित्रपटांत रबरी बंदुकाच वापरू असं सांगितलं. हाताला बसणारा धक्का आणि चेहऱ्यावरचा दचका त्याने येत नाही, असं काही दिग्दर्शक म्हणतात. म्हणू देत. चांगल्या नटाला तो दचका अभिनयाने आणता येतो. त्यासाठीच तर त्याला घेतलेलं असतं. आणि जिथे स्फोट, उंची, पाणी, आग यांना पर्याय नाही, तिथे बजेटमध्ये पहिली ओळ त्या दृश्याच्या सुरक्षेची असावी. तिला पैसे नसतील तर ते दृश्य पटकथेतून काढावं. आपल्या मराठी लेखकांना दरीत गाडी न पाडताही प्रसंग उभा करता येतो.

आता मागण्या. कोणत्याही सेटवर शस्त्र, स्फोटक, उंची, पाणी वा आग यांचं दृश्य असेल तर त्या दिवशीच्या कॉलशीटवर त्या धोक्यासाठी जबाबदार व्यक्तीचं नाव छापलं जावं, आणि त्या व्यक्तीला त्या दिवशी दुसरं कोणतंही काम देऊ नये. तिने काम थांबवलं तर त्या तासांचा खर्च निर्मितीने सोसावा आणि पथकातल्या कुणाचीही मजुरी कापली जाऊ नये, हे करारात लिहावं. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कामगार सुरक्षा संहितेत दृक्‌श्राव्य कामगारांशी लेखी करार करण्याची तरतूद आहे. ही कलमं त्या करारातच बसतात, वेगळा कायदा येण्याची वाट पाहायला नको. धोका हुकलेल्या प्रत्येक घटनेची, म्हणजे चुकून सुटलेल्या ब्लँकची, सरकलेल्या क्रेनची, तुटलेल्या दोरीची नोंद त्याच दिवशी तुमच्या सहीसाठी यावी. ‘रस्ट’वर १६ ऑक्टोबरच्या त्या दोन घटना कुणा निर्मात्याच्या टेबलावर सहीसाठी आल्या असत्या, तर पुढच्या पाच दिवसांत निदान कुणीतरी काडतुसांच्या डब्या उघडल्या असत्या. आणि सेटवर विमा असेल तर तो नायकाच्या तारखांपुरता नको. रोजंदारीवरच्या शेवटच्या माणसाचंही नाव त्यात असावं.

सरकारकडेही एक मागणी आहे, पण तीही तुमच्यामार्फत करतो आहे, कारण तुम्ही मागितल्याशिवाय ती मान्य होणार नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने चित्रपटांच्या करसवलतीची मुदत वाढवण्याच्या कायद्यातच सेटवरच्या शस्त्रांचे नियम घातले आणि सवलत घेणाऱ्या निर्मितींसाठी सुरक्षा सल्लागाराची योजना आणली. महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना सरकारी अनुदान मिळतं आणि गोरेगावची चित्रनगरी राज्याच्याच महामंडळाकडे आहे. अनुदानाच्या अर्जासोबत सुरक्षेचा कागद आणि चित्रनगरीच्या परवानगीसोबत जबाबदार व्यक्तीचं नाव जोडण्याची अट घालायला एक शासन निर्णय पुरे. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी आधीच्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत वाढली आहे. पण शिक्षा नंतर येते, आणि तीही बहुधा शेवटच्या हाताला. अनुदानाची अट मुहूर्ताच्या नारळाआधी येते आणि ती थेट तुमच्याकडे येते.

तुमच्या संघटनेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत या मागण्यांवर ठराव मांडावा, ठरावाच्या बाजूने आणि विरुद्ध कोणी मत दिलं ते जाहीर करावं, आणि ठराव मंजूर झाल्यास त्याची प्रत प्रत्येक सेटवर जेवणाच्या जागेजवळ मराठी व हिंदीत लावावी, ही विनंती. पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी ज्यांच्या सेटवर साहसदृश्य आहे, त्यांनी सभेची वाट न पाहता त्या दिवशीच्या कॉलशीटवर ते एक नाव घालून सुरुवात करावी.

कळावे,

आपला एक प्रेक्षक